एक घर आहे, बापा

फरीदाबादच्या मराठी ख्रिस्ती मंडळींची प्रार्थना दर बुधवारी संध्याकाळी कुणा ना कुणाच्या घरी भरते. मंडळी म्हणजे चौदा कुटुंबं, तीही बल्लभगढपासून बदरपूरपर्यंत विखुरलेली. एकेकाने आपला विषय सांगायचा आणि मग डोळे मिटून सगळ्यांनी तो देवापुढे ठेवायचा, अशी रीत. विषय सांगताना हातचं राखून काही ठेवत नाहीत. कुणाचं पित्ताशय, कुणाच्या सुनेचा स्वभाव, कुणाच्या जावयाची बदली, सगळं नावागावासकट. देवाला पत्ता ठाऊक नसेल असं कुणाचंच म्हणणं नसतं, पण सेक्टर आणि घर नंबर सांगितल्याशिवाय कुणाला चैनही पडत नाही.

या सगळ्यांत एकट्या वैजयंतीबाई त्रिभुवन नाव घेत नाहीत. त्यांची पाळी आली की त्या म्हणतात, "एक घर आहे, बापा. तुला ठाऊक आहे." मग त्या घरातल्या आजाऱ्याच्या पाठीसाठी, त्याच्या गिळण्यासाठी, त्याच्या बायकोच्या कमरेसाठी जे मागायचं ते मागतात आणि थांबतात. नव्या माणसाला वाटतं, बाईंचं काहीतरी गूढ आहे. गूढबिढ काही नाही. बाईंना एकदा चांगली अद्दल घडली आहे, एवढंच.

वैजयंतीबाईंचं वय पंचावन्न. वडील वैजापूर तालुक्यात मिशनच्या शाळेत मास्तर होते. लग्न होऊन त्या फरीदाबादला आल्या, कारण नवरा विनयराव इथे ट्रॅक्टरचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात फिटर. एक मुलगी, रोशनी, ती नाशिकला संसारात. बाई स्वतः एका खासगी शाळेत लॅब अटेंडंट आहेत. सकाळी सात ते दुपारी एक काचेच्या नळ्या धुवायच्या, मांडायच्या आणि कुणी आम्लाच्या बाटलीला हात लावला की ओरडायचं. आवाज खणखणीत, बोलणं भरपूर. गप्प बसणं हा त्यांचा प्रांत कधीच नव्हता.

सात वर्षांपूर्वी एका शनिवारी दाढी करता करता विनयरावांचा हात आरशासमोरच थांबला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. नंतर दोन महिने बाईंनी देवाशी बोलणं टाकलं होतं. भेटायला येणारे लोक सफरचंदं आणायचे आणि "देवाची इच्छा" म्हणायचे. सफरचंदं ठेवा आणि इच्छा तेवढी परत घेऊन जा, असं बाईंच्या अगदी ओठांवर यायचं. त्याच दिवसांत विनयरावांच्या माकडहाडापाशी तळहाताएवढी जखम झाली. माणूस एकाच बाजूवर पडून राहिला तर कातडं सडतं, हे बाईंना कुणी सांगितलंच नव्हतं. ती जखम पहिल्यांदा पाहिली तेव्हा त्या मोरीत जाऊन ढसाढसा रडल्या. मग हॉस्पिटलमधल्या एका मेवाती आयाने त्यांना शिकवलं. दर दोन तासांनी कूस बदलायची. ओढायचं नाही, चादरीसकट उचलायचं. गुडघ्यांच्या मध्ये उशी, टाचा अधांतरी. पाणी पाजताना हनुवटी छातीकडे, नाहीतर घोट श्वासनळीत जातो.

त्या काळात वीस दिवस त्यांना डबा आणून दिला तो भावना गजभियेने. भावना भंडाऱ्याकडची, घर बौद्ध. ती आणि तिचा नवरा अंबादास दोघेही एनएच चार नावाच्या वस्तीतल्या एका सरकारी कार्यालयात, राहायला जवळच्याच क्वार्टरमध्ये. भाजीबाजारात गवार निवडताना एकमेकींचं मराठी ऐकून दोघींची ओळख झालेली. भावना इच्छाबिच्छा काही म्हणाली नाही. भरलेला डबा ठेवायची, रिकामा उचलायची आणि विचारायची, "ताई, आज भाजी खारट झाली होती का?" बाई ते वीस दिवस विसरलेल्या नाहीत.

आणि एका सकाळी विनयरावांचं अंग पुसताना सवयीने बाईंच्या तोंडून लहानपणचं एक गीत निघालं. ज्या माणसाला स्वतःचं नाव सांगता येत नव्हतं, तो दुसऱ्या ओळीपासून त्यांच्याबरोबर गाऊ लागला, तेही शब्दांसकट. गीत संपलं तसा स्वच्छ म्हणाला, "आमेन." बाईंच्या हातातलं फडकं हातातच राहिलं. डॉक्टर म्हणाले, असं होतं, पाठ असलेलं गाणं मेंदूत दुसऱ्या बाजूला असतं. बाई म्हणाल्या, असेल. पण देवाने आपण होऊन बोलणं सुरू केलं असं त्यांनी मनाशी धरलं आणि आपणही अबोला सोडला. देवाने नवऱ्याचा हात दिला नाही, पाय अर्धाच दिला, तरी एकटं टाकलेलं नाही, हे त्यांना त्या सकाळपासून ठाम वाटतं.

तेव्हापासून विनयरावांजवळ एवढा एकच शब्द आहे. चहा टाकू? आमेन. पंखा बंद करू? आमेन. टीव्हीवर राष्ट्रगीत संपलं, आमेन. समोरच्या गुरुद्वाऱ्यात अरदास संपली की इकडे खिडकीतून यांचा आमेन जातो. काही पाठ म्हटलेलं सुरात संपलं की त्यांच्याच्याने राहवतच नाही.

विनयराव काठी घेऊन घरात चालू लागले तेव्हा बाईंनी ठरवलं, की ती जखम आपल्या ओळखीत दुसऱ्या कुणाला होऊ द्यायची नाही. विनयरावांसाठी आणलेली हवेची गादी त्यांनी धुऊन बॉक्सपलंगात ठेवली आणि ती घरोघर फिरू लागली. आज फरीदाबादच्या मराठी घरांत कुणी अंथरुणाला खिळलं, की डॉक्टरच्या मागोमाग वैजयंतीबाईंचा फोन लागतो. शाळेतून आल्यावर, विनयरावांना जेवू घालून, समोरच्या पम्मी आंटीला त्यांच्यावर लक्ष ठेवायला सांगून बाई निघतात. हिंदू, बौद्ध, जैन, जो असेल तो. फक्त जाताना त्या आजाऱ्याजवळ उभं राहून दोन मिनिटं प्रार्थना करतात, मोठ्याने. बहुतेक घरांत लोक हात जोडून ऐकून घेतात. आजाऱ्याच्या घरात आशीर्वाद कुणी नाकारत नाही.

भावनाने नाकारला.

सप्टेंबरातल्या एका सोमवारी अंबादास ऑफिसच्या जिन्यातच बसला. डावी बाजू गेली, जीभ जड झाली, पण शुद्ध होती आणि तुटक बोलताही येत होतं. हॉस्पिटलमध्ये पोचल्यावर पहिलं वाक्य तो बोलला ते, "अक्षीला... सांगू नका."

अक्षी म्हणजे अक्षता, त्यांची एकुलती एक मुलगी. तीन वर्षं दिल्लीला राजेंद्रनगरात खोली घेऊन यूपीएससी करत होती. दोनदा पूर्वपरीक्षेतच अडकली. यंदा पहिल्यांदाच मुख्य परीक्षेपर्यंत पोचली होती आणि हा प्रयत्न शेवटचा, असं तिने स्वतःच घरात सांगून टाकलं होतं. मुख्य परीक्षेचे पेपर दोन आठवड्यांत विभागलेले. पहिल्या शुक्रवार-शनिवार-रविवारचे छान गेले होते. येत्या शनिवारी आणि रविवारी उरलेले चार, म्हणजे सकाळी एक, दुपारी एक.

मंगळवारी दुपारी वैजयंतीबाई हॉस्पिटलमध्ये पोचल्या. भावना वॉर्डाच्या दाराशीच उभी होती, दोन दिवसांची साडी, केस तसेच.

"जय भीम, भावना."

"जय भीम, ताई. आधी दोन गोष्टी सांगते, मग आत चला." भावनाने ऑफिसात फाइल पुढे सरकवावी तशा आवाजात सांगितलं. "एक, प्रार्थना नको. तुम्हाला माहितीये, आम्ही ईश्वर मानत नाही. मला तुमचे हात पाहिजेत. दोन, अक्षताला रविवार संध्याकाळपर्यंत कळता कामा नये. तिला सांगितलंय, बाबांचा घसा बसलाय. कुणाकुणाला म्हणजे कुणालाच बोलू नका."

"बिल्कुल नाही," बाई म्हणाल्या. मनापासून म्हणाल्या. त्यांनी तासभर भावनाला चादरीने कूस बदलायला शिकवलं, अंबादासला दाटसर दही भरवून दाखवलं आणि प्रार्थना न करता घरी आल्या. बसमध्ये त्यांना काहीतरी विसरून आल्यासारखं वाटत राहिलं.

बुधवारी प्रार्थना देविकाताई साळव्यांच्या घरी होती. देविकाताई मंडळींच्या सेक्रेटरी. मनाने फार चांगल्या, फक्त त्यांच्या तोंडात तीळ भिजत नाही. प्रार्थनेनंतर त्या सगळे विषय फोनच्या ग्रुपवर टाकतात, म्हणजे जे आले नाहीत त्यांनाही घरून प्रार्थना करता येते. विषय सांगायची वेळ आली तेव्हा वैजयंतीबाई गप्प राहिल्या. "माझा काही नाही," म्हणाल्या. वाटलं, आपण जिंकलो.

मग डोळे मिटले आणि एकेक जण प्रार्थना करू लागला. बाईंची पाळी आली. सुरुवात नेहमीसारखी झाली, अन्नवस्त्राबद्दल आभार वगैरे. आणि पुढे मात्र कालपासून छातीत दाबून ठेवलेलं सगळं वर आलं. माणसांशी बोलत नव्हत्या ना त्या, देवाशी बोलत होत्या. "बापा, अंबादासभाऊंच्या डाव्या बाजूत जीव घाल. भावनाला बळ दे. आणि त्यांच्या अक्षताला, बापा, रविवारचा पेपर होईपर्यंत यातलं काहीही कळू देऊ नकोस. सगळ्यांची तोंडं बंद ठेव." अकरा माणसं एका सुरात आमेन म्हणाली. बाईंना मोकळं मोकळं वाटलं. चहा पिऊन, दोन बिस्किटं विनयरावांसाठी रुमालात बांधून त्या घरी गेल्या.

आपण काय केलं, हे त्यांच्या ध्यानातसुद्धा आलं नव्हतं.

देविकाताईंनी रीतीप्रमाणे रात्री ग्रुपवर टाकलं. "विषय चौथा. अंबादास गजभिये, एनएच चार, पक्षाघात. मुलगी अक्षता हिला कळू नये म्हणून विशेष प्रार्थना." ग्रुपवर यशोधन म्हणून एक मुलगा होता, श्रीरामपूरचा. राजेंद्रनगरातच परीक्षेची तयारी करायचा आणि महिन्याच्या मराठी उपासनेला जेवणाच्या ओढीने फरीदाबादपर्यंत यायचा. अक्षता त्याच्याच लायब्ररीत बसते. असले संदेश सगळे वाचतात तसा त्यानेही वाचला, म्हणजे वरची अर्धी ओळ. गुरुवारी सकाळी तो तिच्या टेबलापाशी जाऊन अगदी हळू म्हणाला, "तुझ्या बाबांसाठी आम्ही सगळे प्रेअर करतोय. टेन्शन घेऊ नकोस, यार."

गुरुवारी दुपारी बाई आणि भावना चादरीची दोन टोकं धरून अंबादासला कुशीवर वळवत होत्या, तेव्हा पाठीवर सॅक लावलेली अक्षता वॉर्डात आली. पलंगाच्या पायथ्याशी उभी राहिली.

"आई, बाबांचा घसा कसा आहे?"

भावनाच्या हातातून चादर सुटली. अंबादास परत पाठीवर आला.

"तुला कुणी सांगितलं?" भावनाने विचारलं.

"यशोधनने. त्याच्या प्रेअर ग्रुपवर आहे, मेसेज मी स्वतः वाचला. अख्ख्या ग्रुपला माहितीये आई, मला सोडून! मला कळू नये म्हणून लोक प्रार्थना करतायत!" अक्षताचा आवाज चढला आणि मग फुटला. ती बापाच्या छातीवर डोकं ठेवून रडू लागली.

भावनाने वैजयंतीबाईंकडे पाहिलं. वैजयंतीबाईंना त्या क्षणी आपलंच बुधवारचं वाक्य शब्दन् शब्द आठवलं.

"ताई," भावना म्हणाली, "तुम्ही आता घरी जा."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. बाई पिशवी उचलून बाहेर पडल्या. लिफ्टचं बटण दाबायचं सोडून जिन्यानेच पाच मजले उतरल्या.

घरी येऊन त्यांनी आधी देविकाताईंना फोन लावला. "ते काढून टाका ग्रुपवरून. आत्ताच्या आत्ता."

"अगं पण मी काय केलं? तू मागितलंस तेच लिहिलं," देविकाताई दुखावल्या. "प्रार्थनाच तर केली सगळ्यांनी. देवाच्या कामात काय लपवायचं?"

"देवाच्या कामात काही नाही लपवायचं. भावनाच्या घरात होतं," बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

मग त्या स्वयंपाकघरात स्टुलावर बसल्या. लाज वाटत होती. साधीसुधी नाही, कान तापतील अशी. वीस दिवस जिने गुपचूप डबा दिला आणि एक शब्द बाहेर काढला नाही, तिचं एवढं एक सांभाळता आलं नाही आपल्याला. वर देवाचं नाव पुढे करून. पोरीचे तीन वर्षांचे कष्ट आता दोन दिवसांवर लटकले होते. त्या देवाला म्हणाल्या, "तोंड दिलंस ते मला कशाला दिलंस? हात दिले होतेस तेवढे पुरे होते." विनयराव काठी टेकत दारात आले. बायको अशी बसलेली त्यांनी फार दिवसांत पाहिली नव्हती. त्यांनी डावा हात तिच्या डोक्यावर ठेवला आणि म्हणाले, "आमेन."

"आमेन काय आमेन! तुम्हाला काय कळतंय?" बाई करवादल्या आणि मग त्यांच्याच सदऱ्याला डोळे पुसले.

बाईंचे वडील, मास्तर, वर्गात भांडणाऱ्या पोरांना एकच शिकवायचे. भावाशी बिनसलं असेल तर देवळात अर्पण घेऊन येऊ नका. आधी त्याच्या दारात जा, मग देवाच्या. चाळीस वर्षांनी ते आठवलं आणि बाईंना पुढचं एवढं तरी दिसलं. देवाची क्षमा त्या स्टुलावर बसूनही मिळाली असती. भावनाची मिळायला एनएच चारला जाणं भाग होतं.

शुक्रवारी अंबादासला घरी सोडणार हे त्यांना ठाऊक होतं. घरचा पहिला आठवडा सगळ्यांत वाईट, हेही ठाऊक होतं. हॉस्पिटलमध्ये निदान सिस्टर असते. शाळा सुटल्यावर त्यांनी बॉक्सपलंगातून हवेची गादी काढली, पंप काढला, दोन्ही दोरीने बांधले आणि ऑटोने भावनाच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. दार भावनाने उघडलं. आत या म्हणाली नाही.

"भावना, माझ्या तोंडून गेलं," बाईंनी उंबऱ्याबाहेरूनच सुरुवात केली. "अक्षताला कळू नये म्हणून मी देवाजवळ मागितलं, ते अकरा माणसांसमोर. प्रार्थना करू नका म्हणाली होतीस, तीही केली. चूक देविकाताईंची नाही, त्या मुलाची नाही. माझी आहे. क्षमा मागायला आलेय. तू नाही केलीस तरी ही गादी घे. आज रात्रीपासून लागेल."

आतून अक्षता आली. डोळे सुजलेले, अंगावर घरचा कुडता. परीक्षेला जायचं तिचं लक्षण दिसेना.

"आई, मावशीला आत तरी घे. गादी जड असेल." मग बाईंकडे वळून म्हणाली, "मी तुमच्यावर नाही चिडले. आईवर चिडलेय. समजा रविवारपर्यंत बाबांचं काही बरंवाईट झालं असतं, तर? मी कोणता निबंध लिहीत बसले असते?"

"आणि उद्या?" बाईंनी विचारलं.

"उद्या कसली जाते! आईची कंबर गेलीये. बाबांची करवट दर दोन तासांनी कोण बदलणार? बारा तास बाहेर राहायचं, येऊन-जाऊन."

भावना पलंगाच्या कडेला बसली. अंबादास दोघींकडे आळीपाळीने पाहत होता. त्याच्या डाव्या डोळ्यातून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला त्या बाजूचा हात उठत नव्हता.

"जा," तो म्हणाला. "अक्षी... जा."

"बाबा, नाही."

वैजयंतीबाई अजून दारातच होत्या. "उद्या आणि परवा मी येते," त्या म्हणाल्या. "सकाळी सात ते रात्रीपर्यंत. विनयरावांनाही घेऊन येईन, ते खुर्चीत बसून राहतील. पण तुझी आई हो म्हणाली तरच."

हा रविवार महिन्यातल्या मराठी उपासनेचा होता आणि त्या दिवशी प्रभुभोजन होतं, म्हणजे येशूच्या आठवणीत सगळ्यांनी भाकर आणि द्राक्षरस वाटून घ्यायचा विधी. विनयराव आय.सी.यू.मध्ये होते तो एक रविवार सोडला, तर बाईंनी प्रभुभोजन चुकवलेलं नव्हतं. हे त्या भावनाला बोलल्या नाहीत. आयुष्यात पहिल्यांदाच एखादी गोष्ट त्यांनी पोटात ठेवली म्हणायची.

भावनाने बराच वेळ गादीच्या दोरीकडे पाहिलं. मग म्हणाली, "प्रार्थना नाही."

"नाही."

"मनातल्या मनातसुद्धा नाही असं मी म्हणू शकत नाही. पण या घरात मोठ्याने नाही."

"एक शब्द नाही," बाई म्हणाल्या.

अक्षता त्याच संध्याकाळी मेट्रोने राजेंद्रनगरला गेली, रविवारचे पेपर देऊनच परतायचं ठरवून. बाईंनी जाताना तिला आशीर्वादसुद्धा दिला नाही, चुकून देवाचं नाव निघेल या भीतीने. नुसती पाठ थोपटली.

शनिवारी शाळेत रजा कळवून सकाळी सातला त्या विनयरावांना घेऊन हजर. खुर्ची खिडकीपाशी मांडली, समोर भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर. नऊला उजवी कूस, अकराला पाठ, एकला पुन्हा कूस. माकडहाड, टाचा, खांदे रोज उजेडात बघायचे, कुठे लाली दिसली तर तिथे भार द्यायचा नाही, हे भावनाला हात धरून दाखवलं. नाचणीची दाट पेज भरवताना अंबादासला ठसका लागला आणि भावना पांढरीफटक पडली. बाईंनी त्याला पुढे वाकवून खोकू दिलं आणि मग पुन्हा चमचा हातात घेतला. बोलल्या त्या कामापुरतंच. दुपारी भावनाच म्हणाली, "ताई, एवढं गप्प बसू नका हो. घाबरायला होतं." बाईंनी मग लॅबमध्ये एका मुलाने स्वतःचीच भुवई कशी जाळली ते सांगितलं.

रविवारी अकरा वाजता, तिकडे चर्चमध्ये भाकर मोडली जात असेल त्या सुमाराला, बाई अंबादासच्या टाचांना तेल लावत होत्या. एक क्षण हात थबकला. मग त्यांनी दुसरी टाच हातात घेतली. मनात त्या काय म्हणाल्या ते त्यांचं त्यांना आणि देवाला ठाऊक. विनयराव खुर्चीतून अंबादासकडे पाहत होते आणि अंबादास विनयरावांच्या काठीकडे. "चालता... तुम्ही?" त्याने कष्टाने विचारलं. विनयराव उठले, काठी टेकत खिडकीपासून दारापर्यंत गेले, परत आले आणि घामाघूम होऊन बसले. अंबादासने नंतर भावनाकडून पाणी मागून घेतलं आणि हनुवटी छातीला टेकवून अख्खा पेला संपवला.

सात वाजायच्या जरा आधी अक्षता आली. सॅक कोपऱ्यात टाकली आणि चौघांची तोंडं आपल्याकडे लागलेली पाहून म्हणाली, "लिहिले. चारही पूर्ण लिहिले. पुढचं पुढे." ती बापाच्या पायाशी बसली. भावनाने मेणबत्ती आणि उदबत्ती लावली. गजभियांच्या घरी रविवारी संध्याकाळी वंदना होते. या रविवारी ती होईल की नाही, हे कुणी विचारलं नव्हतं.

वैजयंतीबाई विनयरावांना उठवू लागल्या. "आम्ही निघतो, चलो."

"बसा, ताई," भावना म्हणाली. "वंदना झाल्यावर जेवूनच जा."

आई आणि लेक हात जोडून पालीत त्रिशरण म्हणू लागल्या, मग पंचशील. अंबादासचे ओठ हलत होते, आवाज उमटत नव्हता. बाई मान खाली घालून बसल्या होत्या. पाच मिनिटं तीच लय त्या खोलीत चालली आणि हळूहळू शेवटाकडे आली, तशी बाईंना एकदम आठवण झाली. त्यांनी झटकन विनयरावांचा हात दाबायला आपला हात पुढे केला. उशीर झाला होता.

"आमेन!" विनयराव म्हणाले. स्वच्छ आणि मोठ्याने, पार जिन्यापर्यंत ऐकू जाईल असं.

बाईंनी डोळे गच्च मिटले. एक शब्द नाही म्हणून कबूल केलं होतं आणि नेमका तोच एक शब्द. आता भावना काय म्हणेल, याच्या पलीकडे त्यांना काही सुचेना. माफी मागायला तोंड उघडलं, पण त्याआधी पलंगावरून आवाज आला.

"साधु," अंबादास म्हणाला. सोमवारपासून त्याच्या तोंडून इतका स्वच्छ शब्द निघाला नव्हता. तो विनयरावांकडे पाहून वाकडं हसत होता, चेहऱ्याच्या एकाच बाजूने. "साधु. साधु."

वंदनेच्या शेवटी हेच म्हणायचं असतं, तीनदा. भावना आणि अक्षता म्हणायच्या राहिल्याच होत्या. दोघींनी आता ते म्हटलं, भावनाचं म्हणता म्हणता हसण्यात गेलं आणि हसता हसता रडण्यात, पदर तोंडाला लावून, सोमवारपासूनचं सगळं. वैजयंतीबाई तिच्याजवळ जाऊन बसल्या आणि काही न बोलता तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

"ताई," जरा वेळाने भावना म्हणाली, "त्यांचं चालेल. त्यांना म्हणू द्या."

"आणि माझं?"

"तुमचं नाही." भावनाने नाक पुसलं. "तुम्ही उद्या शाळा सुटली की या. नऊ-अकराचं मला जमतंय, दुपारचं नाही जमत."

बाईंनी घड्याळात पाहिलं. अंबादासची कूस बदलायला दहा मिनिटं उशीर झाला होता. त्यांनी चादरीची दोन टोकं धरली, दोन अक्षताच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "ओढायचं नाही हं. उचलायचं."